मामांचा एकुलता एक पॉइंट

मामा कुणाचेच मामा नव्हते. त्यांना बहीणच नव्हती, तर भाचे येणार कुठून? पण चौतीस वर्षांचा माणूस एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांबरोबर एकाच खोलीत कपडे बदलायला लागला, आणि त्याच्या बॅगेत गुडघ्याचं मलम, सुई-दोरा नि पोटदुखीच्या गोळ्या हमखास सापडायला लागल्या, की त्याचं दुसरं काय होणार? कुणीतरी पहिल्यांदा थट्टेने म्हणालं, आणि दोन वर्षांत स्पर्धेच्या रेफ्री बाईसुद्धा कोर्टाच्या कडेला उभ्या राहून 'मामा, तुमची मॅच तीन नंबरवर!' असं ओरडायला लागल्या.

मामा व्यावसायिक टेनिसपटू होते. हे ते स्वतः जरा घाईघाईने सांगत, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असे: 'मग टीव्हीवर कधी दिसला नाहीत ते?' टीव्हीवर दिसतात ते जगातले पहिले शंभर. त्यांच्या खाली आणखी दोनएक हजार माणसं हाच खेळ पोटासाठी खेळतात, हे कुणाच्या गावीही नसतं. त्यांच्या स्पर्धा आडबाजूच्या क्लबांमध्ये होतात. तिथे चेंडू आपले आपण गोळा करायचे, टॉवेल आपला आपण आणायचा, आणि प्रेक्षक म्हणाल तर पुढच्या मॅचची वाट बघणारे दोघं, पाइप घेऊन उभा असलेला माळी आणि माळ्याचं कुत्रं. त्यातलं कुत्रंच काय ते मन लावून बघतं.

दर सोमवारी जगाची यादी लागते. मागच्या बावन्न आठवड्यांत कुणी किती पॉइंट मिळवले त्यावर ती ठरते. पॉइंटला वर्ष झालं की तो गळतो, पिकल्या पानासारखा. मामांचा आजवरचा सगळ्यात वरचा क्रमांक सहाशे अकरा. तो लागला त्या सोमवारी त्यांनी जरा ओशाळूनच वडिलांना फोन केला होता. वडील शिंपी. टेनिसमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस हा हिशेब कुठल्या शहाण्याने केला, हे कोडं त्यांना आजही सुटलेलं नाही. पण क्रमांक ऐकून ते दुकानातूनच ओरडले, "सहाशे अकरावा? अख्ख्या जगात? अरे, या एका रस्त्यावर चार शिंपी आहेत आणि त्यात माझा नंबर चौथा!"

पुढे खांद्याचं ऑपरेशन झालं, वय झालं, आणि क्रमांक जिना उतरावा तसा उतरत गेला. आता मामांकडे उरला होता एक पॉइंट. एकुलता एक. तोही गेल्या वर्षी समोरच्याच्या पोटरीत गोळा आला म्हणून मिळालेला. यादीच्या अगदी तळाशी, एकेक पॉइंटवाल्यांच्या गर्दीत त्यांचं नाव कसंबसं उभं होतं. येत्या सोमवारी त्या पॉइंटला वर्ष होणार होतं. या आठवड्यात मुख्य फेरीतली एक मॅच जिंकली, तर नवा पॉइंट आणि आणखी वर्षभराची सोय. हरली, तर पंधरा वर्षांत पहिल्यांदा यादीत मामांचं नाव नसणार.

आणि मामा शब्द देऊन बसले होते. गेल्या खेपेला घरी जेवताना त्यांनी वडिलांना सांगितलं होतं, "यादीत नाव आहे तोवर खेळतो. ज्या सोमवारी नाव गेलं, त्या सोमवारी खेळ बंद. दुकानाच्या अर्ध्या भागात माझं गटिंगचं मशीन मांडतो." वडिलांनी मान हलवली होती. आणि आता, मुलगा अजून हरलेला नसताना, ते दुकानातली जागा मोकळी करायला लागले होते.

गटिंग म्हणजे रॅकेटच्या तारा ओढून बसवणं. एरवी ते दुकानात होतं, पण आडबाजूच्या क्लबांत दुकान कुठलं? म्हणून मामा सुटकेसएवढं मशीन बरोबर घेऊन हिंडत आणि सगळ्यांच्या रॅकेटा विणून देत. त्यावर त्यांचा प्रवास आणि जेवणखाण निघे. प्रत्येकाचा आकडा वेगळा. तार जितके पौंड ताणून बसवाल तितका चेंडू ताब्यात राहतो, पण हाताला कष्ट. सैल बसवली तर चेंडू आपोआप उडतो, हाताला आराम, पण तो जाईल कुठे याचा भरवसा नाही. दणकट पोरं पंचावन्नच्या आसपास मागत. मामांचा खांदा शेहेचाळीसच्या वर तयार होत नसे. कुणाचा आकडा काय, हे मामांना तोंडपाठ होतं, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही हा त्यांचा नियम होता. दोन माणसांची एकमेकांशी मॅच असली तरी दोघंही आदल्या संध्याकाळी निर्धास्तपणे आपापली रॅकेट मामांकडे ठेवून जात.

मामा त्या आठवड्यात पात्रता फेरीच्या तीन मॅचा जिंकून मुख्य फेरीत आले. सोमवारी संध्याकाळी पहिल्या फेरीच्या जोड्या फळ्यावर लागल्या. मामांच्या समोर नाव होतं खांबाचं.

खांब म्हणजे सहा फूट पाच इंचांचा एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याची सर्व्हिस उंचावरून येई आणि वर चढे. तो पुढे मोठा होणार हे माळ्याचं कुत्रंसुद्धा सांगू शकलं असतं. खांबाच्या दोन रॅकेटा दुपारपासून मामांच्या खोलीत येऊन पडल्या होत्या. तिसरीला तडा गेला होता. शिवाय त्याला कुणीतरी नव्या जातीच्या तारेचं बंडल दिलं होतं आणि पहिल्यांदाच त्याला ती लावून बघायची होती. फळा वाचून तो मामांच्या दारात येऊन घुटमळला.

"मामा, उद्या आपलीच आहे."

"वाचता येतं मला."

"म्हणजे... रॅकेटा दुसऱ्या कुणाकडे देऊ का? तुम्हाला अवघडल्यासारखं होत असेल तर."

"दुसरा कोण आहे इथे? माळी?" मामा म्हणाले. "जा, जेवून घे. चोपन्न ना? होतील आठपर्यंत."

मामांनी आधी स्वतःची एक रॅकेट विणली, मशीनचा काटा शेहेचाळीसवर लावून. ती काढून खांबाची चढवली, तेवढ्यात फोन वाजला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते ती अशी. फोन वडिलांचा.

"हे बघ, इस्त्रीचं टेबल सरकवलंय मी. तुझं मशीन दाराशी ठेवू या की आतल्या बाजूला?"

"बाबा, मी अजून हरलो नाहीये!"

"नाहीच हरलास. मी फक्त जागा विचारतोय. दाराशी उजेड चांगला आहे."

"मला जागा नकोय! मी उद्या जिंकणार आहे!"

"जिंक की. मी कुठे नको म्हणतोय? पण टेबल एवढं जड आहे, दोन दिवस लागले हलवायला. परत हलवायचं म्हणजे..."

खांद्याने फोन कानाशी दाबून मामा पाऊण तास वडिलांशी भांडले, आणि हात आपले उभ्या तारा, आडव्या तारा ओढत राहिले. दोन्ही रॅकेटा देखण्या झाल्या. काटा मात्र शेहेचाळीसवरच राहिला होता.

सकाळी सरावाचे चेंडू मारायला सुरुवात झाली तेव्हाच मामांच्या कानाला काहीतरी खटकलं. खांबाच्या रॅकेटचा आवाज टणत्कार असे. आज तो धप्प येत होता. ओळखीचा वाटला. मग पहिल्या तीन गेममध्ये खांबाचे चेंडू रेषेबाहेर हात-हातभर जाऊन पडायला लागले. एक तर थेट कोर्टामागची जाळी ओलांडून माळ्याच्या कुंड्यांत गेला. तीन-शून्य. बाजू बदलताना खुर्चीवर बसून मामांनी पाण्याचा घोट घेतला, आणि घोट घशात असतानाच त्यांना आपली रॅकेट आठवली, फोन आठवला, इस्त्रीचं टेबल आठवलं. तो आवाज ओळखीचा का वाटला हेही कळलं. तो त्यांच्या स्वतःच्याच रॅकेटचा आवाज होता.

तेवढ्यात पंचांनी 'टाइम' म्हटलं आणि ते उठले.

आता मामांना साधुसंत ठरवायची घाई नको. त्यांनी काहीही सांगितलं नाही. उलट मनाशी म्हणाले, मी काय मुद्दाम केलं? नशीब म्हणूनही काही चीज असते. पंधरा वर्षं माझ्या वाट्याला वाकडा चेंडू, ओलं कोर्ट आणि सुजलेला गुडघा येत होता तेव्हा कोण धावून आलं? आज एक माप माझ्या बाजूने चुकलं तर बिघडलं कुठे? मन असं वकिली करत होतं आणि मामा पॉइंट घेत होते. पहिला सेट सहा-एक. असा सोपा सेट त्यांनी गेल्या चार वर्षांत जिंकला नव्हता, आणि असा बेचवही.

दुसऱ्या सेटमध्ये दोन-शून्य झालं आणि पाऊस आला. पंचांनी खेळ थांबवला. दोघं बॅगा डोक्यावर धरून कपडे बदलायच्या खोलीत पळाले. पत्र्याखालची अरुंद खोली, एक लांब बाक, कोपऱ्यात मामांचं मशीन; कारण दिवसभर कुणाची तरी तार तुटायचीच, म्हणून दिवसा ते इथेच असे. खांब बाकावर बसला. बसला तरी उभा असल्यासारखाच दिसे. रॅकेट मांडीवर आडवी घेऊन तो तारांवर बोटं मारत होता.

"नवीन तार आहे ना, मामा, सवयच होत नाहीये," तो म्हणाला. "तुमचं काम एकदम पक्कं आहे, त्याबद्दल बोलत नाही मी. माझाच हात बिघडलाय आज."

हे ऐकलं मात्र, आणि मामांच्या मनातला वकील उठून गेला. पोराने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

"तुझा हात नाही बिघडला," मामा म्हणाले. "काटा फिरवायला विसरलो मी. तुझ्या दोन्ही रॅकेटा शेहेचाळीसवर आहेत."

खांबाने पुन्हा तारांवर बोट मारून बघितलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तीन-शून्यला."

"आणि मग सहा-एक होऊ दिलंत?"

"होऊ दिलं," मामा म्हणाले.

खांब म्हणाला, "मॅच झाल्यावर सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

"मॅच झाल्यावर मी सांगितलं नसतं रे. मी ओळखतो स्वतःला." मामांनी त्याच्या हातातून रॅकेट ओढून घेतली. "दे इकडे. आणि मी हे मुद्दाम केलं असं तुला वाटत असेल तर रेफ्री बाईंना बोलवून आण, त्यांच्यासमोर बोल."

"मुद्दाम करणारा माणूस फोनवर टेबलावरून भांडत करत नाही, मामा. माझी खोली शेजारीच आहे. अख्खं ऐकलं मी." आणि पोरगं हसायला लागलं. "ठरलं का शेवटी, दाराशी की आत?"

मामांनी कात्रीने तारा कापल्या, काटा चोपन्नवर फिरवला, एकदा डोळे बारीक करून बघितला, मग खांबालाही बघायला लावला. कोर्टावर पहिला सेट जिंकलेला माणूस हरणाऱ्याची रॅकेट घाम गाळत विणतोय आणि हरणारा त्याला तारेचं टोक धरून मदत करतोय, असं दृश्य रेफ्री बाईंनी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्या सांगायला आल्या होत्या की पाऊस थांबलाय, पंधरा मिनिटांत कोर्टावर या. दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "हे चाललंय तरी काय?"

"आडव्या तारा चालल्यात, बाई. बारा मिनिटं द्या," मामा म्हणाले.

बाईंनी नियमांचं पुस्तक मनातल्या मनात चाळलं. खेळ थांबलेला असताना रॅकेट विणू नये असं त्यात कुठे नव्हतं. प्रतिस्पर्ध्याने विणू नये असंही नव्हतं, कारण असं कुणी करील हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसणार. त्या दार ओढून निघून गेल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चोपन्नची रॅकेट हातात आल्यावर खांबाने पहिलीच सर्व्हिस अशी घातली की मामांना चेंडू दिसला तो मागच्या जाळीत अडकलेला. दोन-शून्यचं दोन-दोन झालं, मग तीन-चार. पण गंमत अशी की मामाही उठले. खांद्याची आठवण राहिली नाही, सोमवारची राहिली नाही. ते सर्व्हिस पुढे सरकून घ्यायला लागले, त्या उंच पोराला वाकायला लावणारे बुटके चेंडू टाकायला लागले, आणि एकदा तर पाठमोरं धावत जाऊन त्यांनी डोक्यावरून गेलेला चेंडू असा परत पाठवला की खांबानेच रॅकेटवर टाळी वाजवली. दुसरा सेट खांबाने सहा-चार घेतला. तिसऱ्यात कुणी कुणाला सोडेना. आजूबाजूच्या कोर्टांवरच्या मॅचा संपल्या, पोरं येऊन कुंपणाच्या जाळीला चिकटून उभी राहिली, माळ्याने पाइप खाली ठेवला.

सहा-सहा झाले. टायब्रेकमध्ये, म्हणजे दोनच्या फरकाने सात गाठायच्या निकाली गेममध्ये, मामा सहा-पाच पुढे होते. एक पॉइंट. तो घेतला की वर्षभराची सोय. मामांनी जाळीला लागून एक नाजूक चेंडू टाकला, इतका सुरेख की बघणाऱ्यांपैकी कुणीतरी 'संपली' असं म्हणालंसुद्धा. पण खांबाच्या तंगड्या कुठून कुठे पोचल्या देव जाणे. त्याने तो जमिनीला टेकता टेकता उचलला आणि मामांच्या डोक्यावरून नेऊन रेषेवर ठेवला. पुढचे दोन पॉइंटही त्याचेच. आठ-सहा.

जाळीपाशी खांबाने हात पुढे केला आणि मग हात सोडून मामांना मिठीच मारली. त्याला बरंच वाकावं लागलं. मामांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "पुढच्या फेरीला दुसरी रॅकेटही लागेल तुला. ठेवून जा."

अंघोळीला गेल्यावर मामा रडले. त्यात लाजायचं काय? पंधरा वर्षं सांभाळलेली गोष्ट दोन हातांच्या अंतरावरून गेली होती.

गोष्ट क्लबभर व्हायला वेळ लागला नाही. मामांना वाटलं, आता आपल्याकडे कोण रॅकेट देतो? ज्याच्या हातून प्रतिस्पर्ध्याचं माप चुकतं आणि ते कळूनही जो सेटभर गप्प बसतो, त्याच्या दारात कोण येणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार उघडलं तर बाहेर सात रॅकेटा भिंतीला टेकून उभ्या. प्रत्येकीला आकड्याची चिठ्ठी. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'पन्नास. कृपया फोन बंद ठेवावा.' मामा दारातच बसून हसले.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी वडिलांना फोन करून सगळं पहिल्यापासून सांगितलं, फोनवरच्या भांडणासकट. वडील बोलले ते शेवटी.

"म्हणजे माझ्या टेबलापायी झालं."

"टेबलापायी नाही. मी काटा बघितला नाही म्हणून."

"माप चुकलेलं कळलं की उसवायचं. गिऱ्हाईक खूश असलं तरी उसवायचं. तू जरा उशिरा उसवलंस, पण उसवलंस." मग थोडं थांबून, "परवा सोमवार. किती वाजता पोचतोस? मशीन दाराशीच ठेवू, उजेड चांगला आहे."

"बाबा, मी येत नाहीये."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. गेली पाच वर्षं मी नाव टिकावं म्हणून खेळत होतो, बाबा. प्रत्येक मॅचला डोक्यात सोमवार. मंगळवारी ते शेवटचे दोन सेट मी नुसता खेळलो. इतकं चांगलं मी सहाशे अकरावर असतानाही खेळलो नव्हतो. हे आत्ता कुठे सापडलंय आणि आत्ताच थांबू?"

पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मग शब्दाचं काय?"

"मोडतो."

"मोड," वडील म्हणाले. "आपल्या घरात शब्द मोडायची ही काय पहिली वेळ आहे? मंगळवारी देतो म्हणून शनिवारी कपडे देत मी म्हातारा झालो. पण टेबल मी आता परत हलवणार नाही, सांगून ठेवतो."

त्याच कोर्टांवर पुढच्या आठवड्यात दुसरी स्पर्धा होती. पात्रता फेरीत उतरणाऱ्यांनी रविवारी सहाच्या आत रेफ्री बाईंच्या टेबलावर येऊन सही करायची, असा रिवाज. मामा पावणेसहाला गेले. खांब उपांत्य फेरीपर्यंत पोचून आदल्या दिवशी हरला होता, आणि त्याच्या पॉइंटांवर तो आता थेट मुख्य फेरीत खेळणार होता. त्याला सही करायची गरज नव्हती. तरी तो टेबलाशी उगाच उभा होता.

"मामा, उद्याच्या नव्या यादीवर क्रम लागेल," रेफ्री बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यात शेवटी. वरच्यांपैकी कुणी गळलं तरच जागा मिळेल."

"गळतात, बाई. बावीस वर्षांत तुम्ही पाहिलंय की. कुणाचा पाय, कुणाचं पोट."

"आणि नाहीच गळलं तर?"

"तर रॅकेटा आहेतच विणायला."

बाईंनी कागद पुढे सरकवला. मामांनी नाव लिहिलं. शेजारचा रकाना जागतिक क्रमांकाचा. पंधरा वर्षं त्या रकान्यात त्यांनी न चुकता आकडा लिहिला होता. कधी तीन आकडी, कधी चार. आज त्यांनी तिथे एक आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि पेन परत देत विचारलं, "सकाळी पहिली मॅच किती वाजता?"